आखूड पट्ट्यांची लांब कनू

ऐक गं, १८ फुटी सीडरची फळी मिळाली नाही, एवढ्या एका कारणासाठी कनूचा बेत गुंडाळू नकोस. ओंटारिओत लाकडाच्या कुठल्याही दुकानात गेलीस तरी हीच रड आहे. आठ, दहा, बारा फुटी फळ्या हव्या तेवढ्या; सोळा फुटी मागितली की माणूस मागं जाऊन शोधाशोध करतो; आणि त्याहून लांब, बिनगाठीची, सरळ रेषांची म्हटलं की भाव ऐकून आपणच गप्प बसतो. तुझ्या मनात काय सलतंय तेही मला ठाऊक आहे. आखूड तुकडे जोडून होडी करायची म्हणजे ठिगळाचं काम, आणि पाण्यात गेल्यावर नेमका तिथंच दगा होणार, असं तुला वाटतंय. ते मनातून काढून टाक. नीट घातलेला तिरका सांधा बाकीच्या लाकडाबरोबर वाकतो आणि ताणही जवळजवळ तेवढाच सोसतो. तो कसा घालायचा, कुठं घालायचा आणि कुठं मुळीच घालायचा नाही, हे सगळं आज सांगते. चहा घेऊन निवांत बस.

आधी या होडीचं अंग समजून घे, म्हणजे सांध्याची धास्ती आपोआप कमी होईल. आपण करणार त्या कनूला आत बरगड्या नसतात. फुटाफुटाच्या अंतरावर प्लायवुडचे साचे उभे करायचे, त्यांच्यावरून सीडरच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत न्यायच्या आणि मग बाहेरून-आतून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीत भिजवून बसवायचं. पट्टी साधारण पाव इंच जाड, म्हणजे सहा मिलिमीटर, आणि पाऊण इंच रुंद. बाहेरचं आणि आतलं कापड ताण आणि दाब घेतं. मधलं लाकूड त्या दोन थरांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतं. म्हणूनच १६ फुटांची कनू २५ किलोच्या आसपास भरते आणि तरीही दगडाला घासली म्हणून सहजासहजी फुटत नाही. होडी पाण्यात उतरते तेव्हा सांध्याला दोन्हीकडून कापडाचा आधार असतो. त्याची खरी परीक्षा त्याआधीच होऊन गेलेली असते, पट्टी साच्यांवर वाकवताना. तिथं कापड नसतं, फक्त लाकूड आणि गोंद. त्या दिवशी जो सांधा टिकला, तो पुढं टिकतोच.

आणि जोडकाम हा कनूचा कमीपणा कधीच नव्हता. इथल्या तळ्यांवर अनिशिनाबे या मूळच्या रहिवाशांनी शतकानुशतकं बर्चच्या सालीच्या कनू केल्या. एका झाडाची साल अख्ख्या होडीच्या रुंदीला पुरायची नाही. मग सालीचे तुकडे स्प्रूसच्या चिरलेल्या मुळांनी शिवायचे आणि शिवणीवर स्प्रूसचा डिंक चरबीत कालवून लिंपायचा. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात ओंटारिओतल्याच पीटरबरोच्या कारागिरांनी सीडरच्या अरुंद पट्ट्यांच्या कडा एकमेकींत बसवून, आतून बरगड्या ठोकून होड्या केल्या. पुढं फायबरग्लास आलं, तेव्हा मिनेसोटातल्या कनूच्या शर्यती मारणाऱ्यांनी बरगड्याच काढून टाकल्या. टेड मूर्स यांचं ‘कनूक्राफ्ट’ हे पुस्तक १९८३ मध्ये आलं आणि ही पद्धत घराघरांतल्या गॅरेजमध्ये पोचली. आपल्याकडचं म्हणशील, तर अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत. अख्ख्या खोडातून कोरलेली होडी सोडली, तर होडी ही जोडूनच होते. तेव्हा जोड असावा की नसावा हा प्रश्नच नाही. तो नीट असावा, एवढंच.

आता लाकूड. आपल्याला हवा तो वेस्टर्न रेड सीडर, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याकडचा. घनमीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या सागवानाच्या साधारण निम्म्या वजनाचा. लवकर कुजत नाही, चिरायला-तासायला सोपा, पण अंगानं मऊ. नखानं दाबलंस तरी खूण उठते. म्हणून क्लॅम्प लावशील तिथं प्रत्येक वेळी मध्ये लाकडाचा एखादा तुकडा ठेवायचा. फळी निवडताना तिच्या टोकाकडं बघ. झाडाच्या वर्तुळांच्या रेघा फळीच्या रुंद तोंडाला समांतर, आडव्या दिसत असतील तर ती उचल. अशा फळीतून पट्ट्या चिरल्या की पट्टीच्या रुंद बाजूवर रेषा सरळ आणि बारीक येतात, आणि शेवटी होडी घासताना सगळीकडं सारखी घासली जाते.

गाठी दिसल्या म्हणून परत फिरू नकोस. बारा फुटी फळीत मध्येच एखादी गाठ असेल, तर ती कापून टाकली की दोन्हीकडं स्वच्छ तुकडे हाती येतात, आणि अशा फळीचा भाव बिनगाठीच्या फळीपेक्षा बराच उतरतो. सांधा घालता येतो त्याला ही फळी परवडते. ज्याला सांध्याची भीती वाटते त्यानं अख्ख्या लांबीचे पैसे मोजायचे. शिवाय आठ-दहा फुटी लाकूड गाडीवर बांधून आणणं सोपं. करवतीचं पातं मात्र पातळ घे. पातं एक अष्टमांश इंच जाड असेल, तर दर पाव इंची पट्टीमागं तेवढा भुसा होतो, म्हणजे फळीचा तिसरा हिस्सा जमिनीवर. पातळ पात्यानं १६ फुटी होडीला लागणाऱ्या साठ-सत्तर पट्ट्यांमागं चांगल्या एक-दोन फळ्या वाचतात.

आठ फुटी आणि दहा फुटी पट्टी जोडलीस, तर सांध्यात दोन इंच जाऊन १७ फूट १० इंच उरतात. १६ फुटी कनूला एवढी लांबी पुरते. पट्टी होडीच्या वळणानं जाते, म्हणून ती होडीहून फूटभर तरी लांब लागते, हे धरून हिशेब कर. चार फुटांहून आखूड तुकडे लांब पट्ट्यांसाठी घेऊ नकोस. तेही टाकू मात्र नकोस. तळाच्या मध्यभागी शेवटी शेवटी पट्ट्या आखूड होत जातात, तिथं ते कामी येतात.

टोकाला टोक जोडायच्या दोन रीती आहेत. पहिली सोपी. दोन्ही पट्ट्यांची टोकं गुण्या लावून काटकोनात कापायची आणि होडीवरच समोरासमोर भिडवून चिकटवायची. जाणते लोकही असं करतात, आणि तळाच्या सपाट भागात त्यानं काही बिघडत नाही, कारण वरून कापड बसणारच असतं. पण जिथं पट्टी वाकते तिथं हा जोड नडतो. अखंड पट्टी सलग बाक घेते. काटकोनी जोडापाशी मात्र दोन्ही टोकं आपापली सरळ राहायला बघतात आणि वळणात एक कोन उठतो. डोळ्यांना तो आधी दिसत नाही. तळवा फिरवलास की लगेच जाणवतो, आणि पहिल्या वार्निशनंतर उजेड तिरपा पडला की सगळ्यांनाच दिसतो. घासून तो जात नाही. उलट तिथलं लाकूड पातळ होतं.

दुसरी रीत तिरक्या सांध्याची, इथं ज्याला स्कार्फ म्हणतात ती. दोन्ही टोकं लांब उतारानं तासायची आणि एक उतार दुसऱ्यावर पालथा बसवायचा. यात दोन गोष्टी साधतात. पहिली गोंदाची. लाकडाच्या आडव्या कापाला गोंद धरत नाही. रेषांची उघडी तोंडं तो पिऊन टाकतात आणि जोडात काही उरत नाही. उतार जितका लांब, तितकी चिकटणारी जागा रेषांच्या लांबीच्या दिशेनं येते, आणि तिथं गोंद घट्ट बसतो. दुसरी वाकण्याची. उताराच्या सांध्यात एका पट्टीची जाडी हळूहळू संपते आणि दुसरीची हळूहळू सुरू होते, त्यामुळं बाक कुठंही अडत नाही.

उतार किती? जाडीच्या आठपट. सहा मिलिमीटरच्या पट्टीला ४८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन इंच. कोनात सांगायचं तर सात अंशांहून किंचित जास्त. सहापटीनंही चालतं, बारापटीनं जोड आणखी निवांत वाकतो, पण तेवढ्या पातळ टोकाला सांभाळणं नव्या हाताला जड जातं. तू आठपट धर आणि सगळ्या पट्ट्यांना तेच माप ठेव. एकीचा उतार दोन इंच आणि दुसरीचा पावणेदोन झाला, तर दोघी कधीच एकमेकींवर सपाट बसणार नाहीत.

एकेक टोक तासत बसू नकोस, थकशील आणि मापही हलेल. पट्ट्यांची चवड कर. एक पट्टी खाली, दुसरी तिच्यावर बरोबर ४८ मिलिमीटर मागं सरकवून, तिसरी तिच्याही मागं तितकीच, अशा पायऱ्या-पायऱ्यांनी सहा-सात पट्ट्या रच. तशाच चार-पाच चवडी शेजारी शेजारी लाव, म्हणजे रंध्याला टेकायला रुंद जागा मिळेल. सगळ्यांखाली एक टाकाऊ फळी ठेव आणि सगळं मिळून टेबलाला घट्ट बांध. मग धार लावलेला लहान रंधा घे आणि वरून खाली, पातळ टोकाच्या दिशेनं चालव. उलट दिशेनं गेलीस तर पातळ टोकं उचकटतील. आधी पायऱ्यांचे कोपरे जातील, मग हळूहळू एक सलग उतार तयार होईल, आणि त्या उतारावर प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मधली रेघ आडवी उमटेल. त्या रेघांकडं लक्ष ठेव. सगळ्या सरळ, एकमेकींना समांतर आणि सारख्या अंतरावर असतील, तर उतार खरा झाला. एखादी रेघ धनुष्यासारखी वाकली, तर तिथं मध्ये लाकूड जास्त उरलंय किंवा कडेला जास्त गेलंय. तेवढ्याच जागी दोन-चार हलके हात मार, रेघ सरळ होते. पातळ टोक खालच्या पट्टीशी मिळालं, कागदाइतकं झालं, की थांब. त्यापुढं एक हातही जास्त मारायचा नाही. सालपटं उचल, वास घे. घर भरून जातं त्या वासानं.

चिकटवण्याआधी कोरडं बसवून बघ. एका तुकड्याचा उतार वरच्या तोंडाला आणि दुसऱ्याचा खालच्या तोंडाला हवा. रेषांचा कल दोन्हींत एकाच दिशेचा हवा, नाहीतर पुढं होडीवर रंधा चालवताना सांध्याच्या एका बाजूला गुळगुळीत जाईल आणि दुसऱ्या बाजूला टवके उडतील. म्हणून फळी चिरतानाच प्रत्येक पट्टीवर शिसपेन्सिलीनं बाण काढून ठेव, आणि एका फळीतून शेजारी शेजारी निघालेल्या पट्ट्या एकत्र बांधून ठेव. सीडरमध्ये एका फळीचा रंग गव्हाळ, दुसरीचा तांबूस, तिसरीचा पार चॉकलेटी. शेजारच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्यास तर सांधा शोधायला लागतो. कुठल्याही दोन जोडल्यास तर तो लांबून ओरडतो.

आता गोंद. पट्ट्यांच्या लांब कडा चिकटवायला सुताराचा पाण्याला टिकणारा पिवळा गोंद चालतो. टोकांच्या सांध्याला मात्र मी तुला इपॉक्सीच वापरायला सांगेन, कारण तिला दाब कमी लागतो आणि बारीक पोकळी ती स्वतः भरून काढते. डब्यावर जे प्रमाण दिलंय तेच घ्यायचं. हार्डनर जास्त घातल्यानं ती लवकर सुकत नाही, उलट कायमची चिकट आणि कच्ची राहते. पहिला हात नुसत्या, पातळ इपॉक्सीचा, दोन्ही उतारांवर. पाच-दहा मिनिटं थांब. जिथं लाकडानं ती पिऊन टाकली आणि पृष्ठभाग कोरडा दिसला, तिथं पुन्हा लाव. मग उरलेल्या इपॉक्सीत सिलिकाची भुकटी आणि सीडरचाच वस्त्रगाळ भुसा घालून ती श्रीखंडाइतकी घट्ट कर आणि पातळ थर पसरव. भुशामुळं सांध्याची रेघ लाकडाच्या रंगात मिसळते.

टेबलावर आधी मेणकागद किंवा प्लॅस्टिक पसर, नाहीतर पट्टी टेबलालाच चिकटेल. एक सरळ पट्टी टेबलाला ठोकून घे आणि जोडायच्या दोन्ही पट्ट्या तिच्या कडेला टेकव, म्हणजे सांधा वाकडा जाणार नाही. ओल्या गोंदावर उतार एकमेकांवरून घसरतात. तू क्लॅम्प आवळायला लागलीस की दोन्ही पट्ट्या हळूच लांब सरकतात आणि सांध्यापाशी जाडी कमी पडते. म्हणून सांध्यापासून वीतभर अंतरावर दोन्ही पट्ट्या आधी टेबलाला धरून टाक, मग सांध्यावर प्लॅस्टिक, त्यावर लाकडाचा ठोकळा आणि मगच क्लॅम्प. तोही बेतानं. कडेनं गोंदाचे बारीक थेंब सलग ओळीनं बाहेर आले की पुरे. जीव खाऊन आवळलंस, तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. एका ठोकळ्याखाली पाच-सहा सांधे शेजारी शेजारी बसतात, प्रत्येकाच्या मध्ये प्लॅस्टिकची चिंधी घालायची एवढंच. रात्री लाव आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस. सुकल्यावर वर तेलकट पापुद्रा आला तर आधी पाण्यानं पुसून घे, मग घास. तसंच घासलंस तर सँडपेपर लगेच भरतो आणि पुढचा थर धरत नाही.

तापमानाचं विसरू नकोस. आपलं कोल्हापूर नाही हे. नोव्हेंबर लागला की गॅरेज थंड पडतं आणि १५ अंशांच्या खाली बरीचशी इपॉक्सी रेंगाळते, कधी कधी नीट सुकतही नाही. सांधे घालायचं काम थंडीत घरात करता येतं, हा आखूड तुकड्यांचा आणखी एक फायदा. तळघरात टेबल मांड, आठवड्याला थोडे थोडे सांधे घालत जा. जोडलेली लांब पट्टी लवचीक असते, ती जिन्यातून नाही निघाली तरी खिडकीतून निघते. होडी मात्र निघत नाही. तेव्हा साचे कुठं मांडायचे हे ठरवण्याआधी दारं मोजून घे.

सगळ्या पट्ट्या जोडून मग कडा कोराव्यात, की आधी कडा कोराव्यात आणि मग जोडावं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पट्टीची एक कड गोल आणि दुसरी खोलगट कोरली, की वळणावरही ती शेजारणीत फट न ठेवता बसते. आधी जोडून मग राउटरवर चालवलीस, तर कड सांध्यावरून सलग जाते आणि काम सुबक होतं. पण १८ फुटी पट्टी राउटरवर चालवायला पुढं १८ फूट आणि मागं १८ फूट मोकळी जागा लागते. तुझ्या गॅरेजचं दार उघडं ठेवून अंगणापर्यंत ती मिळते, म्हणून तू आधी जोड, मग कोर. ज्यांना एवढी जागा नाही त्यांनी आखूड तुकडेच कोरून घ्यावेत आणि जोडताना कडा अगदी काळजीनं जुळवाव्यात. कोरताना गोल कड आधी, खोलगट नंतर. खोलगट कडेचे ओठ नाजूक असतात. ती आधी केलीस तर दुसऱ्या फेरीत राउटरच्या आधारपट्टीला दाबली जाऊन चुरगळते.

आता सांधे होडीवर कुठं पडावेत, ते नीट ऐक. दोन्ही टोकांपासून तीन-तीन फुटांत सांधा नको. तिथं पट्टीला नुसता बाक नसतो, पीळही पडतो, आणि पीळ हा सांध्याचा वैरी. मधल्या भागात पट्टी निवांत असते, सांधे तिथं घे. पण सगळे एकाच साच्यापाशी आणू नकोस. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यांत निदान दोन साच्यांचं, म्हणजे दोन फुटांचं अंतर ठेव. आठ आणि दहा फुटी तुकडे एकदा आठाचा पुढं, एकदा दहाचा पुढं असे लावलेस तर हे अंतर आपोआप पडतं, पण मग एकाआड एक पट्टीत सांधा पुन्हा त्याच जागी येतो आणि होडीच्या अंगावर दोन ओळी दिसायला लागतात. म्हणून काही पट्ट्या नऊ-नऊच्या कर, काही सात-अकराच्या, काही सहा-बाराच्या. डाव्या अंगाला जिथं सांधा, उजव्या अंगालाही तिथंच घेतलास तर होडी समोरून बघताना डोळ्यांना बरं वाटतं. हे सगळं आधी एका कागदावर आखून भिंतीला लाव.

आणि आता जे सांगते ते लाकडाबद्दल नाही, तुझ्याबद्दल आहे. लहानपणी आई गहू पाखडायला बसली की तू दोन खोल्या पलीकडं शिंकत असायचीस. या सीडरची धूळ साध्या धुळीसारखी नाही. त्यात प्लिकॅटिक आम्ल असतं आणि त्यानं दमा होतो. ब्रिटिश कोलंबियातल्या लाकूड गिरण्यांमधल्या कामगारांत तो चांगला नोंदलेला आहे. तेव्हा कापडी फडकं तोंडाला बांधून भागणार नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, फिल्टर लावलेला मास्क घाल, धूळ ओढणारं यंत्र चालू ठेव, आणि काम झालं की कपडे बाहेरच झटकून ये. छातीत घरघर किंवा रात्रीचा कोरडा खोकला सुरू झाला, तर होडी बाजूला ठेव आणि आधी डॉक्टर गाठ.

इपॉक्सीचंही तसंच. आज हाताला लागली, काही झालं नाही, उद्याही काही होणार नाही. पण वारंवार लागत गेली तर एक दिवस कातडी तिला नाकारते, पुरळ उठतं आणि मग थोडीशी लागली तरी त्रास होतो, तो जन्मभर. नायट्राइलचे हातमोजे आणि लांब बाह्या, यात सूट नाही. अंगाला लागलीच तर साबण आणि पाणी. थिनरनं पुसलंस तर ती कातडीत आणखी आत जाते. मिसळलेली इपॉक्सी खोल भांड्यात ठेवू नकोस, आपल्याच उष्णतेनं ती तापते, धूर सोडते. उथळ ताटलीत घे आणि थोडी थोडी कालव. टेबल सॉवर पट्ट्या चिरताना बोटांच्या जागी ढकलायची काठी वापर, आणि दिवसभराची नोकरी करून दमून आलीस तर त्या संध्याकाळी करवत चालूच करू नकोस. त्या दिवशी पट्ट्यांना बाण काढ, रंग जुळव, रंध्याला धार लाव. असलं काम खूप असतं.

एकटीनं सगळं ओढायचा तुझा स्वभाव मला माहीत आहे. इथं तो उपयोगाचा नाही. १८ फुटी पट्टी साच्यावर बसवायला दोन माणसं लागतातच; एकटीनं बसवायला गेलीस तर दुसरं टोक लोंबकळतं आणि सगळा भार नेमका सांध्यावर येतो. माझ्या भाचीला हाताशी घे. करवतीपासून आणि इपॉक्सीपासून लांब ठेव, पण पट्टीचं दुसरं टोक धरणं, कागदावरच्या आराखड्याप्रमाणं पुढची पट्टी शोधून देणं, हे ती छान करेल. आणि एखाद्या रविवारी तिला घेऊन पीटरबरोला जा. तिथलं कनेडियन कनू म्युझियम २०२४ मध्ये लिटल लेकच्या काठावरच्या नव्या इमारतीत गेलंय. सहाशेहून जास्त कनू आणि कयाक आहेत. सालीच्या, कोरलेल्या, पट्टीच्या, सगळ्या. जुन्या होड्यांवर वाकून सांधे कुठं घातलेत ते शोध. दिवसभर पुरेल एवढं बघायला आहे.

लोक तुला म्हणतील, एवढी यातायात कशाला, प्लॅस्टिकची तयार मिळते की. मिळते, आणि ज्याला नुसतं तळ्यावर जायचंय त्यानं ती जरूर घ्यावी. पण अल्गॉनक्विन पार्कात एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना होडी खांद्यावर घेऊन जंगलातली वाट चालावी लागते, आणि तिथं २५ किलोची होडी एकटीला उचलता येते. ती तू स्वतः केलेली असेल, तर कुठं खरचटली, कुठं भेग पडली, तरी काय करायचं हे तुझ्या हाताला माहीत असतं. ज्याला सांधा घालता येतो, त्याला दुरुस्तीही येते. ही विद्या एकदा हातात बसली की कनूपुरती राहत नाही. खिडकीची कुजलेली चौकट, जुन्या पलंगाची तुटलेली पट्टी, सगळं तू स्वतः उभं करशील.

मुख्य लाकडाला हात लावण्याआधी एवढंच कर. या शनिवारी टाकाऊ पट्टीचे दोन-दोन फुटी तुकडे घे, चारएक सांधे घाल, पुरते सुकू दे. मग दोन ठोकळ्यांवर टेकवून मधोमध दाब, मोडेपर्यंत दाब. गोंदाची जागा उघडी पडून दोन गुळगुळीत उतार वेगळे झाले, तर तुझी इपॉक्सी कमी पडली, क्लॅम्प जास्त आवळला गेला किंवा खोली थंड होती. कारण शोध आणि पुन्हा घाल. लाकूड फाटलं, सालपटं निघाली आणि सांधा तसाच चिकटून राहिला, तर तुझा हात तयार झाला. तसं झालं की मला फोटो पाठव, आणि सोमवारी दुकानात जाऊन त्या आठ आणि दहा फुटी फळ्या घेऊन ये.